पुढे एकच चकती

बस चढाला लागली, गिअर बदलताना नेहमीसारखी एकदा कण्हली, आणि त्याच वेळी त्याला आपली बायको दिसली. रस्त्याच्या कडेने, भिंतीला धरून, ती सायकल ढकलत चालली होती. खरं म्हणजे आधी त्याला सायकलच दिसली. स्वतःच्या हाताने खोललेली, पुसलेली, जुळवलेली ती हिरवी डोंगरी सायकल. पुढच्या, पायडलजवळच्या एकुलत्या एका दातेरी चकतीवर ऊन पडलं होतं, आणि क्षणभर त्याला बरंच वाटलं, आपली वस्तू अवचित रस्त्यात भेटल्यावर वाटतं तसं. मग सायकलीपलीकडची बाई दिसली. पाठीवर पिशवी, डावा हात हँडलवर, उजवा सीटवर, मान खाली. ती धापा टाकत नव्हती, वैतागलेलीही दिसत नव्हती. रोजचं काम करावं तशी चालत होती, आणि हेच त्याला लागलं. एखाद्याच दिवशी दमून उतरलेलं माणूस वेगळं दिसतं. ते इकडेतिकडे बघतं, आपलं आपणच हसतं, कुणी पाहिलं नाही ना याची खात्री करून घेतं. हिला मात्र कुठे पाय टाकायचा, कुठे गटाराच्या झाकणाला वळसा घालून सायकल जराशी बाहेर घ्यायची, सगळं तोंडपाठ होतं. असं तोंडपाठ व्हायला किती दिवस लागतात याचा तो हिशेब करू लागला आणि मधेच थांबला, कारण हिशेब त्याच्या बाजूने लागणार नव्हता.

पुढे कुठेतरी ट्रक आडवा झाला होता. बस थांबली. ती मागून येत येत खिडकीच्या बरोबरीला आली. मधे एक काच आणि दोन हातांचं अंतर. तिच्या कानामागचा घाम त्याला दिसत होता. हाक मारायची, उतरायचं, ‘आण इकडे’ म्हणून हँडल हातात घ्यायचं, एवढंच तर करायचं होतं. एरवी रस्त्यात कुणा अनोळखी माणसाची साखळी उतरलेली दिसली तरी हा गृहस्थ बाह्या सरसावून पुढे व्हायचा आणि काम झाल्यावरही अर्धा तास सोडायचा नाही. पण तिने सहज मान वर केली आणि हा झटकन खाली वाकला. मांडीवर चष्म्याच्या काचांचं खोकं होतं, ते सावरायचं निमित्त करून वाकला आणि वाकूनच राहिला. शेजारी बसलेला म्हातारा खिडकीतून बघत म्हणाला, ‘‘चाकातली हवा गेली वाटतं बाईंच्या.’’

‘‘हो, असेल,’’ तो खोक्याशी बोलल्यासारखा म्हणाला.

‘‘या वयात कशाला हौस करायची ही. घरी कोणी सांगत नाही का?’’

आपली बायको आहे ती, एवढे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, ‘ही माझी बायको’ हे वाक्य त्याने कितीदा कुठे कुठे म्हटलं असेल, बहुतेक वेळा जरा छाती काढूनच. आणि आज ती घामाने निथळत दोन हातांच्या अंतरावर असताना ते त्याच्याने म्हणवलं नाही. बस हलली तेव्हा तो सरळ झाला. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. लहानपणी कान पिळल्यावर व्हायच्या तशा.

वळणावर बस पुन्हा रेंगाळली आणि मागच्या काचेतून त्याला उरलेलंही बघावं लागलं. चढ संपून इस्पितळाच्या फाटकापर्यंत सपाट रस्ता लागतो, तिथे ती थांबली. रुमालाने तोंड पुसलं, केस कानामागे सारले, शर्टाची टोकं खाली ओढली. मग सायकलवर बसली आणि पायडल मारत, मान ताठ ठेवून, फाटकातून आत गेली. पहारेकऱ्याने हात वर केला. तिनेही केला. हे सोंग कुणासाठी, हे कळायला त्याला पुढचे दोन थांबे लागले. ती ज्या प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं की ही सायकल तिच्या नवऱ्याने घरी तयार केली आहे. त्यानेच सांगितलं होतं. त्यांच्या वार्षिक स्नेहभोजनात, हातात बशी घेऊन, चांगलं पाऊण तास. ती आपली लाज झाकत नव्हती. त्याची झाकत होती.

सायकल मुळात मुलीची. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. मग एक दिवस बायकोच ती बाहेर काढून म्हणाली, मी नेत जाईन, बसमध्ये उभं राहून पाठ धरते. तिला पुढे तीन चकत्या होत्या, मोठी, मधली आणि अगदी लहानी, बशीएवढी. टेकडीच्या पायथ्याशी ती लहानीवर साखळी घ्यायची आणि शिवणयंत्र चालवल्यासारखे पाय गरगर फिरवत वर जायची. हे त्याने पाहिलं होतं. हसलाही होता. ‘‘पाय केवढे फिरतात आणि सायकल केवढी सरकते! पायी जाणारा पुढे जाईल तुझ्या,’’ असं म्हणाला होता. तीही हसली होती. पुढे कधीतरी साखळी लहानीवर जाताना आत घसरून पडायला लागली. काळे हात घेऊन ती घरी आली आणि मोरीत साबण लावत म्हणाली, ‘‘जरा साखळी बघशील का? आत पडते.’’ एवढंच. पुढचा पिंजरा साखळीला एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो, त्याला एक बारीकसा स्क्रू असतो. तो अर्धा फेरा फिरवला असता तर काम भागलं असतं. हे त्याला तेव्हाही माहीत होतं. आता बसमध्ये बसून त्याला वाटलं की एखाद्याला काहीच येत नसतं तर बरं. मग त्याने निदान अर्धा फेराच फिरवला असता.

पण त्या दिवसांत त्याच्या डोक्यात ते खूळ भरलं होतं. पुढे एकच चकती. जो तो तेच करत होता. रविवारी त्याच्याबरोबर सायकल चालवणारे चारपाच जण दुसऱ्या विषयावर बोलायलाच तयार नव्हते. हँडलवरचा डावीकडचा गिअरचा खटका काढा, केबल काढा, पिंजरा काढा, तीन चकत्या काढा आणि त्या जागी एकच बसवा, एक दात जाड, एक दात बारीक, म्हणजे साखळी त्यात घट्ट बसते आणि काही केल्या उतरत नाही. वजन कमी, कटकट कमी, दिसायला देखणं. स्वतःच्या सायकलवर करायचं धाडस त्याला होत नव्हतं, ती महागाची होती. आणि इथे आयती एक सायकल नादुरुस्त होऊन दाराशी आली. ही गोष्ट त्याने आजवर स्वतःशीसुद्धा अशी उघड म्हटली नव्हती. बायकोची सोय, सोय, असं म्हणत त्याने ते काम अंगावर घेतलं आणि खरं तर तिच्या सायकलवर हात साफ करून घेतला.

तो रविवार काय मजेत गेला होता! व्हरांड्यात चादर अंथरून, सगळी हत्यारं ओळीने मांडून, हा शस्त्रक्रिया करायला बसल्यासारखा बसला होता. पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, निघता निघेना, तेल सोडलं, पान्यावर पाय देऊन दाबलं, आणि ती कट्‌ करून सुटली तेव्हा जो आनंद झाला तो परीक्षेत पास झाल्यावरही कधी झाला नव्हता. मुलीला फोटो पाठवला. तिने लगेच विचारलं, ‘‘आईला विचारलंस का?’’ त्याने लिहिलं, ‘‘सरप्राइज आहे.’’ बायको मधून मधून दारात येऊन बघून जात होती. एकदा म्हणाली, ‘‘लहानी पण काढलीस?’’ आणि त्याने मान वर न करता, ‘‘गरजच नाही तिची,’’ असं सांगितलं होतं. पुढची लहान चकती काढली तर मागच्या चाकाला एक मोठी बसवावी लागते, नाहीतर चढाला दम लागतो, हेही तो वाचून होता. ती मोठी मागवायची होती, पण तिच्यासाठी मागचा पिंजराही बदलावा लागणार, मग साखळीही, म्हणून ते पुढे कधीतरी, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं. आणि एकुलती एक पुढची चकती केवढी घ्यायची हे कसं ठरलं? त्याने रविवारच्या मंडळींतल्या एकाची, एकच चकती बसवलेली सायकल मागून घेतली, पहाटे त्याच चढावर गेला, पाठीवर पिशवी नाही, पोटात चहा, आणि सीटवरून उठून, उभ्याने पायडल मारत, एका दमात वर पोचला. फाटकाला हात लावून परत आला. जमतंय, म्हणाला. त्याला जमलं म्हणजे झालंच. तिचे पाय तिला असतात, तिचा दम तिला असतो, रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी तो आणखी वेगळा असतो, हे त्या पहाटे त्याच्या मनाला शिवलं नाही.

आणि धंदा काय, तर लोकांचे डोळे तपासायचे. दुकानात पोचून खोकं मांडून तो आपल्या खुर्चीत बसला आणि पहिलं गिऱ्हाईक समोर आलं, तेव्हा त्याचा त्यालाच किळसवाणा विनोद वाटला. दिवसभर तो अनोळखी माणसांच्या नाकावर काचा बदलत असतो आणि गोड आवाजात विचारतो, आता बघा, ही बरी की ती? ही? की मघाची? घाई नाही, सावकाश सांगा. दोन्ही डोळ्यांचं वेगळं विचारतो. लांबचं वेगळं, जवळचं वेगळं. काम काय करता, दिवा कुठल्या बाजूला असतो, तेही विचारतो. घरी आल्यावर हे विचारणं कुठे जायचं? कोटाबरोबर दुकानातच खुंटीला राहायचं की काय. समोर एक शिंपी बसला होता, वयस्कर, भिडस्त. ‘‘दिसतंय, दिसतंय,’’ तो घाईघाईने म्हणाला. त्याला दिसत नव्हतं. हे नेहमीचं आहे. माणसाला दिसत नसलं की तो दोनदा म्हणतो. खरंच दिसलं की एकदम अक्षरंच वाचायला लागतो. तपासणाऱ्याला वाईट वाटू नये, आपल्यामुळे त्याचा खोळंबा होऊ नये, म्हणून लोक धुरकट चष्मे घेऊन घरी जातात आणि वर्षभर डोकं दुखवून घेतात. ही खोच त्याला पुरती माहीत होती. या बाबतीत तो दुकानात कुणाकडून फसला नव्हता. आणि घरी रोज संध्याकाळी ‘‘कशी चालते?’’ असं विचारल्यावर ती ‘‘छान, छान चालते,’’ म्हणायची, दोनदा, आणि हा खूष होऊन हातपाय धुवायला जायचा.

शिंप्याला त्याने इतका वेळ बसवून घेतलं की तो बिचारा शेवटी काकुळतीला आला. ‘‘साहेब, काही मोठं निघालंय का डोळ्यात?’’

‘‘नाही हो. तुम्हाला नीट दिसेपर्यंत मला सोडायचं नाही, एवढंच.’’

‘‘दिसतंय ना.’’

‘‘नाही दिसत,’’ तो म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने. काउंटरवरची मुलगी वळून बघू लागली. शिंपी ओशाळला. तोही ओशाळला. टेबलावर पावत्यांच्या चळतीवर ती लहानी चकती ठेवलेली होती. तीन महिने ती तिथे कागद दाबत बसली होती. येणारेजाणारे हातात घेऊन ‘हे काय’ विचारायचे आणि हा उत्साहाने सांगायचा. आज त्याने ती उचलून खणात टाकली. मग खण उघडून पुन्हा हातात घेतली. दात झिजलेले होते. तीन दात तर चांगलेच. या चढावर, तिच्या पायांनी, इतकी वर्षं नव्हे, काही महिनेच, तरी एवढे झिजवले. ती ही चकती रोज वापरत होती. मोठीचे दात अगदी कोरे होते, हे त्याने काढताना पाहिलं होतं, आणि त्याचा अर्थ काढला होता तो हा की बघा, तीन चकत्यांचा उपयोगच कोणी करत नाही. खरंच, हुशारी एकदा डोक्यात शिरली की समोरचं दिसत नाही, आणि अशा माणसाने दुसऱ्याला चष्मे द्यावेत.

त्याला एकेक आठवू लागलं आणि आठवायला नको होतं. घरातून ती हल्ली लवकर निघायची. सकाळी गर्दी कमी असते, म्हणायची, आणि त्याने ते ऐकून सोडून दिलं होतं. रात्री पोटऱ्यांना तेल लावायची. त्याने एकदा टीव्हीवरून नजर न काढता, ‘‘चांगलंय, व्यायाम होतोय,’’ असा शेरा मारला होता. सगळं समोर घडत होतं. पण चोरी पकडली गेल्यावर चोराला जसा मालकाचाच राग येतो, तसा दुपारी केव्हातरी त्याला तिचा राग आला. एवढी वर्षं एका घरात राहून माणूस तोंड उघडत नाही म्हणजे काय? मी काय तिला खाणार होतो? एक शब्द बोलली असती तर त्याच दिवशी बदलून दिली असती. आपल्याला अंधारात ठेवलं, रोज खोटं बोलली, चार लोकांत आपलं हसं केलं. हा राग त्याने नीट जपून ठेवला. त्याच्या आधाराने संध्याकाळपर्यंत बसता आलं. शरमेत माणसाला बसायला जागाच नसते.

जुना पिंजरा आणि खटका त्याने केव्हाच कुणाला देऊन टाकले होते, तेव्हा तीन चकत्या परत आणायचा प्रश्न नव्हता. संध्याकाळी दुकान बंद करून तो सायकलवाल्याकडे गेला आणि मिळाली त्यातली सगळ्यात लहान एकटी चकती घेऊन घरी आला. ती अजून यायची होती. तो व्हरांड्यात चादर न अंथरताच बसून राहिला. हत्यारंही ओळीने लावली नाहीत. मग ती आली, सायकल जिन्यावरून उचलून आणत, आणि त्याला तसा जमिनीवर बसलेला बघून दारातच थांबली.

‘‘काय रे? बरं नाही का?’’

‘‘बरंय. ही जरा लहान चकती आणलीये. म्हटलं बसवून टाकू.’’

‘‘का?’’

‘‘असंच. तुला जरा हलकं पडेल.’’

तिने सायकल भिंतीला टेकवली. पिशवी काढून ठेवली, बूट काढले. मोजे काढून बोटं हलवली. ‘‘असंच?’’

‘‘आज सकाळी मी काचा आणायला बसने गेलो होतो. टेकडीवरून.’’ त्याने तिच्या बुटांकडे बघितलं. ‘‘तू चालत होतीस.’’

वाकलो होतो, हे त्याने सांगितलं नाही. म्हाताऱ्याचंही नाही. ते सांगायचं ठरवूनच तो बसला होता, शब्दही जुळवले होते, पण पहिलं वाक्य बोलून झाल्यावर त्याला वाटलं की एवढं पुरे, बाकीचं कुणाला काय करायचंय. त्याची स्वतःबद्दलची आजची शेवटची आशा होती ती, आणि तीही गेली.

‘‘हं,’’ ती म्हणाली. ‘‘चालते रोज.’’

‘‘रोज?’’

‘‘मग काय करणार. वर चढत नाही ती.’’

तिच्या आवाजात राग नव्हता. निदान तो तरी असता तर त्याला आपला राग बाहेर काढता आला असता. तरी त्याने काढलाच. ‘‘अगं, मग सांगायचं नाही का? मी रोज विचारतो कशी चालते म्हणून. रोज! आणि तू छान छान म्हणतेस. मला कळणार कसं? सांगितलं का नाहीस?’’

ती मोजे गुंडाळत होती. तिने हात थांबवले आणि जरा आश्चर्याने त्याच्याकडे बघितलं. ‘‘सांगितलं होतं की.’’

‘‘कधी?’’

‘‘पहिल्याच आठवड्यात. चढाला जड जातं म्हटलं. तू खुर्चीत बसून पाय हवेत फिरवून दाखवलेस, गुडघा कुठे ठेवायचा ते. मग एकदा मागची मोठी बसवणार होतास ना, म्हणून विचारलं. जेवण होईपर्यंत तू पिंजऱ्याचं सांगत होतास. मग लहानी परत लावता येईल का, तेही विचारलं. नंतर नाही विचारलं.’’

त्याला आठवलं. आठवलं नसतं तर किती बरं झालं असतं, पण पूर्ण आठवलं, दिव्यासकट, ताटांसकट. तो खुर्चीत मागे रेलून पाय फिरवत होता आणि ती खळखळून हसली होती. पुन्हा करून दाखव, म्हणाली होती, आणि त्याने पुन्हा करून दाखवलं होतं. मुलगी गेल्यापासून घर कसं ओकंबोकं झालं होतं, आणि त्या संध्याकाळी किती दिवसांनी आपण दोघं मोकळेपणाने बोललो, असं अंथरुणावर पडल्यावर त्याला वाटलं होतं. आपण दोघं. तिने काय म्हटलं होतं ते त्यात कुठेच नव्हतं. फक्त त्याचा आवाज होता आणि तिचं हसू. म्हणजे ती खोटं बोललीच नव्हती. खरं सांगून झाल्यावर, तीन वेळा सांगून झाल्यावर, मग तिने छान म्हणायला सुरुवात केली होती. त्याचा दिवसभर जपलेला राग हातातून गळून पडला आणि खाली काहीच नव्हतं. व्हरांड्याच्या थंड फरशीवर बसून त्याला इतकी लाज वाटली की ती शरीरात कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता आलं असतं. तिच्याकडे बघवेना. आता बोलावं तर काय बोलावं? चुकलं माझं. एवढंच. दोन शब्द. चकती बाजूला ठेवायची आणि म्हणायचं.

त्याने चकती बाजूला ठेवली नाही. ती हातात उलटी करून, दात तिच्या बाजूला धरून, त्याने घसा साफ केला.

‘‘नाही, म्हणजे त्याचं काय आहे,’’ तो म्हणाला, ‘‘तेव्हा एवढी लहान मिळत नव्हती. आणि लहान घेतली की उतारावर पाय नुसते फिरतात, पकड मिळत नाही, तर त्यात मधला एक मार्ग...’’

आपला आवाज त्याला ऐकू येत होता. तो थांबवता येईल असं काही त्याला सापडत नव्हतं. तिने मोजे बुटांत कोंबले, भिंतीला पाठ टेकून ती समोर फरशीवर बसली, पाय लांब केले, मान किंचित कलती केली, आणि डोळे त्याच्या तोंडावर ठेवून शांतपणे ऐकू लागली. लग्नाच्या आधीपासून त्याला तिचा हा चेहरा सगळ्यात जास्त आवडायचा.